दोन जानेवारीची पोरगी

डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती २७ डिसेंबर. सत्तावीस गेली, अठ्ठावीस गेली. एकतीसच्या रात्री अख्खं कोल्हापूर रस्त्यावर होतं आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून थर्मासमधला कोमट चहा पीत होतो. पोरगी आली २ जानेवारी २०१० ला, पहाटे. माझ्या आईनं तिथंच निकाल दिला, "नवं साल बघून आलीया, शाणी हाय." आम्ही हसलो. आई किती बरोबर बोलली होती, ते मला कळायला तेरा वर्षं लागली.

शालेय जलतरण स्पर्धेत गट तीन. चौदा वर्षांखालचा, सतराखालचा, एकोणीसखालचा. २०२३ साली चौदाखालच्या गटात उतरायचं तर जन्म १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतरचा पाहिजे होता. म्हणजे आमची लेक त्या दारातून अगदी शेवटी, पदर अडकता अडकता आत शिरली होती. दोन दिवस आधी जन्मली असती तर वर्षभर आधीच मोठ्या पोरींसमोर उभी राहिली असती. दोन दिवसांनी तिला एक अख्खं वर्ष मिळालं. त्या वर्षी विभागीय स्पर्धेत १०० मीटर बटरफ्लायचं सोनं तिनं आणलं, आणि मी उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपात पेढे वाटले. तिच्या शेजारच्या लेनमधल्या पोरी कुठल्या सालच्या, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. एक २०११ ची होती. एक चक्क २०१२ ची, उडी मारायच्या ब्लॉकवर उभी राहिली की गुडघे दिसायचे आणि मग कॉस्च्युम. आमची तिच्यापेक्षा वीतभर उंच.

आपल्या गावाला खरं तर हे समजायला जड जाऊ नये. १९१२ पासून खासबागेत कुस्त्या बघणारं हे गाव. जत्रेच्या फडात वस्ताद दोन पोरं समोरासमोर उभी करतो, दंड बघतो, मांडी बघतो, डोळ्यानंच वजन तोलतो आणि मगच जोड लावतो. वय कुणी विचारत नाही. जोड चुकली तर वस्तादालाच शिव्या बसतात. पुढं मॅटवर वजनगट आले तरी त्यामागचं डोकं तेच. पोहण्यात जोड लावते जन्मतारीख. आमच्या धंद्यात गो-नोगो गेज असतं, भोक बरोबर आहे की नाही बघायचं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं गेलं नाही पाहिजे, विषय संपला. किती मोठं, किती लहान, गोल आहे की लंबगोळ, ते गेज सांगत नाही. जन्मतारीख म्हणजे तसलं गेज. पोरगं आत बसतंय की बाहेर, तेवढंच त्याला कळतं.

मी स्वतः पोहायला शिकलो ते मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. सात दिवस डबा होता, आठव्या दिवशी मामानं तो सोडला आणि मला सांगितलंच नाही. आमच्या वेळी गट दोनच, ज्याला पोहायला येतं तो आणि ज्याला येत नाही तो. पुढं घाटावर आणखी एक गट कळला, पूर आल्यावर शिवाजी पुलावरनं उडी टाकणाऱ्यांचा. त्यात मी कधी गेलो नाही. आईची शपथ होती, आणि खरं सांगायचं तर शपथ नसती तरी गेलो नसतो.

तर २०२४. लेक नववीत आणि गट सतराखालचा. आता दारातून आत शिरणारी सगळ्यात लहान तीच, आणि पलीकडच्या टोकाला २००८ च्या पोरी. गटातलं पहिलं वर्ष हे नव्या सुनेसारखं असतं. माहेरी मिरवलेलं इथं कुणाला माहीत नसतं.

विभागीय स्पर्धेचा तो दिवस मला अजून दिसतो. पाऊस बारीक पडत होता, पालकांचं छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं आणि नेमकं त्याच कोपऱ्यात पाणी बरं दिसत होतं, म्हणून मी छत्री धरून तिथंच उभा. लेन पाचमध्ये आमची. चारमध्ये एक अकरावीतली पोरगी, खांदे असे की मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, तू माझ्याकडं हमाली करशील काय. शिट्टी झाली, सगळ्या ब्लॉकवर चढल्या, वाकल्या. पहिल्या पंचवीस मीटरमध्येच कळलं. ती चारमधली पाण्याखालनं बाहेर आली तेव्हा आमची अजून एक हात मागं होती. बटरफ्लायला दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात, टच चुकला की बाद; ते तिनं नीट केलं, टर्नही चांगला मारला. आली चौथी.

माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. मी बघितलं आणि परत बघितलं. एक मिनिट १५.१२. वर्षापूर्वी सोनं आलं होतं ते एक मिनिट १६.४० ला. म्हणजे पोरगी सव्वा सेकंदानं वेगवान झाली होती आणि पदकाच्या बाहेर गेली होती.

सगळ्या पोरी पाण्यातनं वर आल्या. ही लेनच्या दोरीवर हात टाकून तशीच. गॉगल काढला नव्हता. काढला नव्हता म्हणजे कळलंच. टाइमकीपर बाईंनी दोनदा हाक मारल्यावर बाहेर आली.

स्कूटरवर मागं बसल्यावर ती काही बोलेना, म्हणून मीच सुरुवात केली. "बाळा, हेच टायमिंग गेल्या साली असतं तर दुसरी पाच मीटर मागं पडली असती."

"पप्पा, गेल्या सालची शर्यत आता कोण लावतंय?"

सायबर चौकापर्यंत मग आम्ही दोघंही गप्प.

हे झालं सोपं दुःख. टायमिंग सुधारलं आणि नंबर गेला, यात निदान स्वतःला सांगायला काही तरी असतं. अवघड दिवस पुढं होते, टायमिंगच थांबलं तेव्हा. दिवाळी गेली, नाताळ गेला, १५.१२ काही तुटेना. १५.९, १६.२, एकदा तर १७. सकाळी पाचला उठणं तेच, सर तेच, टँक तोच. लहान बॅचमध्ये दोन-अडीच किलोमीटर पोहायची, आता मोठ्या बॅचमध्ये चार-साडेचार. कष्ट दुप्पट करून माल खराब निघायला लागला की माझ्यासारखा माणूस आधी मशीन बघत नाही, ऑपरेटरवर ओरडतो. मी ओरडलो. "लक्ष न्हाई तुझं. मोबाइल बघत झोपतीस उशिरा." ती ऐकून घ्यायची आणि नाश्ता न करता शाळेला जायची.

कोल्हापुरी बापाला दुसरं औषध काय माहीत असणार? दूध. पैलवानांचं गाव आहे. संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर तिला घेऊन जायचं, समोर म्हशीची धार काढलेला फेसाळ ग्लास तिच्या हातात द्यायचा आणि ती नाक मुरडत पिताना बघायचं, असं मी दोन-अडीच महिने केलं. मला वाटायचं, मी तिच्यासाठी काही तरी करतोय.

शेवटी बायको तिला तिच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मला बाहेर बसवलं होतं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.८. पाळी सुरू झालेली, व्यायाम एवढा, सकाळी पोटात चहा-बिस्किट आणि जेवणावर परत चहा. बाईंनी मला आत बोलावून विचारलं, खायला काय देता? मी अभिमानानं दूध सांगितलं. त्या हसल्या. दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणाल्या, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर जेवणातलं लोहही अंगाला नीट लागत नाही. लोहाच्या गोळ्या, सोबत लिंबू, पालेभाजी, मटण असेल तर मटण. रविवारच्या तांबड्या रश्श्याला आमच्या घरात पहिल्यांदाच डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. पण ज्या पोरीच्या अंगात रक्त कमी होतं, तिच्यावर मी तीन महिने ओरडत होतो. हे मी तिला अजून नीट बोललेलो नाही. इथं लिहायला सोपं जातंय.

बाईंनी आणखी एक सांगितलं, तेही मला आधी कळायला हवं होतं. मुलींची उंची झपाट्यानं वाढते ती साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. पाळी सुरू झाली की मग उंची थोडीच वाढते. कुणाचं हे लवकर होतं, कुणाचं उशिरा. आमच्या लेकीचं लवकर. म्हणजे तेराव्या वर्षी ती वीतभर उंच दिसत होती ती पुढं कायम वीतभर उंच राहणार होती असं नाही. तिची वाढ आधी उरकली होती एवढंच. ती पाच फूट तीनवर थांबली. ती गुडघेवाली २०१२ ची पोरगी मला परवा टँकवर दिसली. आता आमच्या लेकीच्या डोक्यावरनं पलीकडं बघते.

मी घरी येऊन ती सगळी पदकं बघत बसलो. सोन्यातलं किती पोरीचं, किती जानेवारीचं आणि किती लवकर आलेल्या उंचीचं? वर्कशॉपातलं माप घ्यायचं व्हर्नियर लावता आलं असतं तर लावलं असतं.

शरीर बदललं की पाणीही बदलतं, असं सर म्हणतात. कंबर, मांड्या, खांदे, सगळ्यांची मापं हलली की अंगाचा पाण्यातला तोल हलतो. कालपर्यंत जमलेला हात आज तसाच फिरवला तरी पाणी हाताला लागत नाही, निसटतं. "पाणी पकडायला परत शिकायचं," एवढंच ते तिला म्हणाले, आणि महिनाभर बटरफ्लाय बंद करून एका हाताचे ड्रिल आणि किक दिल्या. चौदा वर्षांच्या पोरीला हे म्हणजे कॉलेजात घालून पाटीवर ग म भ न गिरवायला लावल्यासारखं. त्यात आत्याबाई घरी आल्या होत्या. "आता बास की पोहणं. थोराड दिसाय लागली पोरगी, चारचौघांत असल्या कापडात..." बायकोनं चहाचा कप जरा जोरात खाली ठेवला. तेवढ्यानं विषय मिटला. आमच्या घरात मोठे निर्णय असेच होतात.

मोठ्या बॅचची खरी परीक्षा मात्र स्पर्धेत नसते, लेनमध्ये असते. हे बाहेरच्याला दिसत नाही. एका लेनमध्ये पाच-सहा जण एकामागं एक पोहतात, मध्ये पाच सेकंदांचं अंतर. सगळ्यात वेगवान पुढं, मग त्याच्या खालचा, असं शेवटपर्यंत. हा क्रम कुणी फळ्यावर लिहीत नाही, पण टँकवरच्या प्रत्येक पोराला आपला नंबर रेशनकार्डासारखा पाठ असतो. लहान बॅचमध्ये आमची दोन वर्षं पहिली सुटायची. समोर मोकळं निळं पाणी आणि तळाची काळी रेघ. मोठ्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी सरांनी तिला शेवटी उभं केलं. पुढच्या पाच जणांच्या पायांचा फेस तोंडावर, नाकात पाणी, रेघ दिसत नाही. घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मला नुसते तळपायच दिसत्यात."

मागनं पोहणाऱ्याला पुढच्याच्या पाण्याची ओढ मिळते, कष्ट थोडे कमी पडतात. हे शास्त्र खरं आहे. पण ते तळपाय बघत बघत कुणाला समजावणार?

एकदा, गोळ्या सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील, पाचव्या नंबरची पोरगी तिला भिंतीवर थांबून म्हणाली, तू जा पुढं, माझ्या पायाला हात लागतोय तुझा. बस्स. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं स्वतःहून दुसरी भाकरी मागितली. पदकांच्या पेढ्यांपेक्षा ती भाकरी माझ्या जास्त लक्षात आहे.

बाहेर बाकावर बसणाऱ्या आम्हा पालकांचं वेगळंच चालू असतं. एक हितचिंतक वडापाव खाता खाता मला म्हणाले, दाखल्यावर साल बदलून मिळतंय, एक वर्ष इकडं-तिकडं, कोण बघतंय? बघतात. कित्येक खेळांत आता मनगटाचा एक्सरे काढतात. हाडाची टोकं जुळायची किती बाकी आहेत त्यावरनं वयाचा अंदाज लागतो. पण मी त्यांना एक्सरेचं काही सांगितलं नाही. डोक्यात फक्त आईचं वाक्य आलं, नवं साल बघून आलीया. जी पोरगी आधीच दोन दिवसांच्या नशिबावर वर्षभर जगली, तिला अजून एक वर्ष चोरून द्यायचं म्हणजे फारच झालं.

आणि वीरधवल खाडे. कोल्हापुरात कुणाचंही पोरगं जरा बरं पोहायला लागलं की हे नाव निघतं. निघणारच, इथलाच पोरगा. सतरा पूर्ण व्हायच्या आत २००८ चं बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ. खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यपदकानंतर भारताला पोहण्यात चोवीस वर्षांनी मिळालेलं आशियाई पदक. पालक एवढं सांगतात आणि आपल्या पोराकडं बघतात. मला त्याची दुसरी शर्यत जास्त जवळची वाटते. २०१८, जकार्ता, ५० मीटर फ्रीस्टाइल. चौथा. ब्राँझ हुकलं ते ०.०१ सेकंदानं. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे दहा मायक्रॉन, तेवढ्यावर माझ्याकडचे जॉब, म्हणजे बनवून दिलेले भाग, परत येतात, त्यामुळं हा आकडा मला पोटात कळतो. पण त्याच स्पर्धेच्या हीटमध्ये, म्हणजे आधीच्या फेरीत, त्यानं २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, आणि तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा व्हायला आठवडाभर बाकी होता. चौदाखाली, सतराखाली ही भानगड संपून कैक वर्षं झाली होती.

हे मी लेकीला फार गंभीरपणे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सत्तावीस? तवर मी म्हातारा होतोय की पप्पा."

होय, म्हातारा. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. मी आलो, मी जातो, मी पोहून येतो. राज्य स्पर्धेला पुण्याला बालेवाडीत गेली, तर तिकडच्या पोरी तिचं बोलणं ऐकून खो खो हसल्या. तो १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेला पन्नास मीटरचा तलाव. आमचा सराव पंचवीस मीटरमध्ये. छोट्या टँकात दर पंचवीस मीटरला भिंत येते, टर्न मारून पाय रेटले की फुकटचा वेग मिळतो आणि खांद्यांना श्वासभर सुट्टी. मोठ्या तलावात ती सुट्टी अर्ध्याहून कमी. फोनवर पहिलंच वाक्य, "पप्पा, भिंतच येत न्हाई हितं." परत आली तेव्हा चार दिवस "मी आले, मी गेले" करत होती. बायको खूश झाली, पोरगी सुधारली म्हणून. मला आपलं चुकल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी टँकवरनं आली, चप्पल काढता काढता ओरडली, "मम्मी, मी आलो, भूक लागलीया," आणि मी पेपर परत वाचायला घेतला.

२०२५ ची स्पर्धा दहावीच्या वर्षात आली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. ज्या घरात दहावी असते त्या घराला माहीत आहे. सकाळची बॅच ठेवली, संध्याकाळची सोडली, तिसरी आली, एक मिनिट १३.८६. गटातलं दुसरं वर्ष. पदक कपाटात टाकून ती भूमितीच्या क्लासला गेली.

परवा २ जानेवारीला तिला सोळावं संपलं. टँकवर पहाटे वाफा निघत होत्या, थंडी चांगलीच. आमच्याकडं एक आजोबा रोज येतात, रिटायर्ड मास्तर. ते मास्टर्स स्पर्धांना पोहतात, ब्रेस्टस्ट्रोक, अगदी निवांत, देवाला प्रदक्षिणा घातल्यासारखे. त्या दिवशी मास्तर फारच खुशीत होते. पिशवीतनं पेढ्यांचा पुडा काढून सगळ्यांना वाटत होते.

लेकीनं विचारलं, "आजोबा, वाढदिवस माझा हाय. पेढे तुम्ही का वाटताय?"

"अगं, गट बदलला माझा! सत्तरीत गेलो मी कालपासनं."

मग त्यांनी मला समजावलं. मास्टर्समध्ये गट पाच-पाच वर्षांचे, पंचवीसपासून सुरू. तिथं गट बदलायची लोक वाट बघतात. पासष्टीच्या गटात एकोणसत्तरचा माणूस म्हणजे सगळ्यात म्हातारा, पोरासोरांच्या मागं धापा टाकणारा. सत्तरीत पाय ठेवला की तोच सगळ्यात तरुण. आणि वय धरतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती होतं ते. मास्तरांचा जन्म ३० डिसेंबर १९५६ चा. सत्तर पूर्ण व्हायला अजून बारा महिने, पण वर्षभर पोहणार सत्तरीत.

"शाळेत असताना ह्याच तारखेनं लई मार खाल्लाय मी," ते म्हणाले. "वर्गात सगळ्यात बारका. कबड्डीत घ्यायचे न्हाईत. आता वसूल."

लेक पेढा खाता खाता थांबली. हिशेब तिच्या लक्षात यायला लागला होता.

मास्तरांनी टोपी कानावर ओढली, तिच्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. "तू दोन जानेवारीची न्हवं? म्हातारपणी लई वांदे हायत बघ तुझे."

"तवर बघतो की आजोबा," म्हणत तिनं गॉगल खाली ओढला आणि लेनकडं गेली. दोघं जण आधीच सुटले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तिनं पाच सेकंद मोजले आणि तिसरी सुटली.